फाउंटन पेनांचे प्रदर्शन कसे पाहावे

फाउंटन पेन ही वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही आहे; मात्र तिची जागा खिशात नसून कपाटाच्या एखाद्या खणात, जुन्या चष्म्याच्या घराशेजारी आहे. ते पेन कोणी टाकून देत नाही, कारण वडिलांनी किंवा आजोबांनी जन्मभर त्याने सह्या केलेल्या असतात. आणि कोणी वापरीतही नाही, कारण ते आता ‘चालत नाही’. हे न चालणे म्हणजे नेमके काय, आणि ते पेन पुन्हा लिहिते होऊ शकेल काय, या प्रश्नांची उत्तरे जेथे हमखास मिळतात असे एक ठिकाण म्हणजे फाउंटन पेनांच्या संग्राहकांचे प्रदर्शन. अशा प्रदर्शनाला कशासाठी जावे, तेथे काय पाहावे आणि काय विचारावे, यासंबंधी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रदर्शन म्हटले की काचेच्या कपाटात बंद असलेल्या, हात लावू न देण्याच्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात. पेनांच्या प्रदर्शनाचा प्रकार निराळा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या परिसरात दरवर्षी ऑगस्ट महिन्यात भरणारे प्रदर्शन या क्षेत्रात फार मोठे समजले जाते. एखाद्या हॉटेलच्या विस्तीर्ण दालनात टेबलांच्या रांगाच रांगा मांडलेल्या. टेबलामागे संग्राहक, व्यापारी आणि कारागीर बसलेले. एका बाजूला शेकडो शायांच्या बाटल्या उघडून ठेवलेल्या, की ज्याला वाटेल त्याने टाक बुडवून लिहून पाहावे! अलीकडे आपल्याकडेही मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारख्या शहरांत अशी प्रदर्शने भरू लागली आहेत. तेथे खरेदी-विक्री चालते हे खरे. परंतु जाणत्या माणसाच्या दृष्टीने तो बाजार कमी आणि शाळा अधिक असते. या शाळेत तोंडी धडे थोडे. वस्तू हातात घ्यावी, उघडावी, लिहून पाहावी आणि शेजारच्या माणसाला विचारावे, ही तेथील शिकण्याची रीत.

त्या शाळेतील पहिला धडा पेनाच्या अंतरंगाचा. अरुंद तोंडाची भरलेली बाटली उलटी धरली असता पाणी सरळ धारेने पडत नाही. ते गडगड आवाज करीत थांबून थांबून पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. याचे कारण असे की, जेवढे पाणी बाहेर यावयाचे तेवढी हवा आत गेली पाहिजे, आणि दोघींना वाट एकच असते. पेनाच्या पोटातील शाईचीही अडचण हीच. हवेला वाट दिली नाही तर शाई उतरत नाही. वाट फार मोठी दिली तर ती भसकन् कागदावर येते. हा तोल सांभाळणारा भाग निबाच्या खाली दडलेला असतो. शाळेत आम्ही मुले त्याला ‘जीभ’ म्हणत असू. वरवर पाहता ती एक काळी पट्टी दिसते. परंतु तिच्या अंगावर केसासारख्या बारीक चिरा कोरलेल्या असतात. दिव्याच्या वातीतून तेल जसे आपोआप वर चढते, तशी शाई त्या चिरांतून ओढली जाऊन निबाच्या टोकाशी येते, आणि तिने सोडलेली जागा भरून काढण्यासाठी हवा जिभेवरून उलट दिशेने आत जाते. आपण एक ओळ लिहितो तेवढ्यात ही देवघेव अखंड चाललेली असते.

पोटात शाई साठवणारी लेखणी करण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याला १८२७ साली फ्रान्समध्ये अशा लेखणीचे पेटंट मिळाले होते. तथापि शाई बेताने सोडणारे व्यवहारोपयोगी पेन बाजारात रुजविण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांच्याकडे जाते. १८८४ साली त्यांना पेटंट मिळाले ते मुख्यतः जिभेवरील बारीक चिरांच्या योजनेसाठी. वॉटरमन हे विम्याचे एजंट होते, महत्त्वाच्या करारावर शाई सांडल्यामुळे त्यांचे गिऱ्हाईक गेले आणि त्या संतापातून हे पेन जन्मले, अशी एक कथा प्रदर्शनात हटकून ऐकावयास मिळते. कथा गोड आहे, परंतु तिला पुरावा नाही. मला त्याहून आवडते ती जॉर्ज पार्कर यांची हकिकत, आणि ती खरी आहे. पार्कर हे विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल गावी तारायंत्राचे शिक्षक होते. मिळकतीला जोड म्हणून ते विद्यार्थ्यांना दुसऱ्या कारखान्याची पेने विकीत. ती पेने गळू लागली की विद्यार्थी ती घेऊन मास्तरांकडेच येत, आणि मास्तर ती दुरुस्त करून देत. दुरुस्त करता करता दोष कोठे आहे हे त्यांना उमगले, आणि १८८८ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. म्हणजे जगप्रसिद्ध कारखान्याच्या आधी दुरुस्तीचे टेबल होते. प्रदर्शन पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा धडा शाई भरण्याच्या युक्तींचा. अगदी साधी रीत म्हणजे पेन उघडून ड्रॉपरने त्याचे पोट भरणे. अशा पेनात शाई पुष्कळ मावते. पण शाई निम्म्यावर आली की हाताच्या उबेने पोटातील हवा फुगते आणि कधी कधी ठिपका पाडते. दुसरी रीत रबरी पिशवीची. पेनाच्या आत एक लांबोळकी पिशवी बसविलेली असते. बाहेरील लहानशी तरफ उचलली की आतली पट्टी ती पिशवी दाबते, आणि तरफ सोडली की पिशवी फुगून शाई ओढून घेते. आयोवा राज्यातील वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याने या तरफेचे पेटंट १९०८ साली घेतले. तिसरी रीत दट्ट्याची. पेनाचे मागचे टोक फिरविले की आतला दट्ट्या खालीवर सरकतो. जर्मनीच्या पेलिकान कंपनीने १९२९ साली असे पेन बाजारात आणले आणि दट्ट्याची पेने त्यानंतर सर्वत्र पसरली. प्रदर्शनात ही तिन्ही पेने शेजारी शेजारी ठेवलेली असतात. ती पाण्याने भरून दाखवा, अशी विनंती केली तर संग्राहक सहसा नाही म्हणत नाही. किंबहुना कोणीतरी विचारील म्हणून तो वाटच पाहत असतो.

आता खणातील त्या ‘न चालणाऱ्या’ पेनाकडे वळू. तरफेच्या पेनातील रबरी पिशवी काही दशकांनी कडक होते, तडकते आणि अखेर तिचे तुकडे होतात. पेन कानाशी धरून हलविले तर आत खुळखुळ आवाज येतो तो त्या तुकड्यांचा. याचा अर्थ पेन मेले असा नव्हे. त्याचा एक स्वस्तातला भाग संपला, एवढाच. कारागीर पेनाचा जोड हलक्या उबेने सैल करतो, पोट झाडून काढतो, मापाची नवी पिशवी घेतो आणि ती लाखेने चिकटवितो. होय, आपल्याकडील झाडांवर किड्यांपासून मिळणारी तीच लाख! आधुनिक गोंद पुष्कळ निघाले, तरी या कामाला जाणते कारागीर लाखच पसंत करतात. कारण ती धरून तर ठेवते, पण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी थोड्या उबेने सुटतेही. जोडणाऱ्याने पुढे उघडणाऱ्याचा विचार केलेला असतो. अशाच एका टेबलापाशी मी अर्धा तास उभा होतो. एका वृद्ध गृहस्थांनी वडिलांचे पेन रुमालात बांधून आणले होते. पिशवी बदलून झाल्यावर कारागिराने पेन शाईने भरले आणि कागद पुढे केला. गृहस्थांनी प्रथम वर मधोमध ‘श्री’ काढला, मग थांबले, आणि खाली लिहावे काय हे त्यांना काही सुचेना. कारागीर म्हणाला, “सावकाश लिहा, काका. घाई नाही.”

तिसरा धडा पदार्थांचा. जुनी पेने बहुधा एबोनाइटची असतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबराला गंधक घालून तापविण्याची क्रिया शोधली. गंधकाचे प्रमाण बरेच वाढवून दीर्घकाळ उष्णता दिली की रबर लाकडासारखे टणक होते, तेच एबोनाइट. ते कातता येते, झिलई घेते, आणि शाईने खराब होत नाही. अंगठ्याने जोराने घासले तर गंधकाचा मंद वास येतो. ऊन व दमट हवा यांनी त्याचा काळा रंग तपकिरी, शेवाळी होतो. म्हणून संग्राहक पेन प्रथम उजेडात धरून टोपणाखालचा भाग आणि बाहेरचा भाग यांचे रंग ताडून पाहतो. १९२० नंतरच्या दशकात रंगीबेरंगी सेल्युलॉइडची पेने आली. शिंपल्यासारखी आणि संगमरवरासारखी त्यांची अंगे आजही मन वेधून घेतात. परंतु सेल्युलॉइड चटकन पेट घेते, म्हणून त्याला ज्योतीजवळ नेता कामा नये. जपानी कारागिरांनी पेनांवर लाखेसारखे रोगण चढवून त्यावर सोन्याच्या भुकटीने चित्रे रेखिली. अशी पेने पाहताना मात्र हात मागे बांधलेले बरे.

आपल्या देशाचा या कलेतील वाटा लहान नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम् यांनी लेथवर कातलेली एबोनाइटची पेने तयार केली. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत असे एक पेन गांधीजींकडे पोहोचले. ते वापरून पाहून गांधीजींनी १९३५ सालच्या जुलै महिन्यात रत्नम् यांना पत्र लिहिले, आभार मानले, आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना हे पेन चांगला पर्याय वाटते असा अभिप्राय दिला. हैदराबादेतील डेक्कन पेन स्टोअर्स हे दुकान १९२८ सालापासूनचे. दक्षिणेतील कित्येक पिढ्यांनी आपले पहिले पेन तेथे घेतले. प्रदर्शनात भारतीय कारागिरांच्या टेबलावर हातलेथवर काढलेली साधी काळी पेने दिसली तर चकचकीत परदेशी पेनांच्या मोहात त्यांच्यावरून पुढे जाऊ नये. जाडी, लांबी, टोपणाचा आकार गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे करून देण्याची रीत या कारागिरांनी राखली आहे. शिंप्याने माप घ्यावे तसे ते आपल्या हाताचे माप घेतात.

शाईचे टेबल हा चौथा धडा. पूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी हिराकस आणि मायफळ यांची शाई वापरीत. मायफळ म्हणजे आपल्याकडे बाळाच्या गुटीत उगाळतात तेच. त्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांचा संयोग हवेत हळूहळू काळा पडतो आणि कागदाच्या तंतूंत असा बसतो की पाण्याने धुऊन जात नाही. लिहिताना ही शाई फिकट दिसते म्हणून तीत निळा रंग घालीत. निळी-काळी शाई हे नाव त्यावरूनच आले. माझ्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या माणसाचा या शाईशी लहानपणीच संबंध येतो. बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंद चर्चच्या वहीत व्हावयाची, ती पुसली जाता कामा नये; म्हणून तेथे शाईला मोठा मान. परंतु या शाईत आम्लता असते. प्रमाण चुकले तर ती कागदच खाऊन टाकते. जुन्या दफ्तरांत अक्षरांच्या जागी जाळी पडलेली पाने आढळतात, ती अशा शाईमुळे. पोलादी निबेही ती गंजविते. सोन्याचे निब प्रतिष्ठा पावले त्याचे एक व्यावहारिक कारण हे होते.

शाईच्या बाबतीत महाराष्ट्राने आणि बंगालने स्वदेशीच्या काळात मोठे काम केले. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या करावयास आरंभ केला, आणि पुढे त्यांची उंट छाप शाई घरोघर गेली. कॅमलिन हे नाव त्यातूनच आले. बंगालमध्ये १९३४ साली निघालेली सुलेखा शाई मध्यंतरी बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली आहे, आणि तिच्या बाटल्या आज संग्राहकांच्या टेबलांवर दिसतात. येथे एक सूचना करतो. काजळी आणि डिंक यांपासून केलेली पारंपरिक शाई, किंवा चित्रकाराची पक्की काळी शाई, फाउंटन पेनात कधीही भरू नये. तिचे कण जिभेच्या चिरांत बसतात आणि पेन कायमचे मुके होते.

आता निब. सोन्याचे निब हे शुद्ध सोन्याचे नसते. ते बहुधा चौदा कॅरटचे, म्हणजे शंभरात सुमारे ५८ भाग सोने असलेले असते. कागदावर झिजते ते सोने नव्हेच. टोकाला इरिडियम, ऑस्मियम यांसारख्या अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा मोहरीहूनही लहान मणी जडविलेला असतो आणि मध्ये चीर पाडलेली असते. मोठ्या प्रदर्शनात निब घासून देणारे कारागीर बसतात, आणि त्यांच्यापुढे नाव नोंदवून पाळीची वाट पाहावी लागते. ते गिऱ्हाइकाला काही ओळी लिहावयास सांगतात, पेन धरण्याचा कोन पाहतात, भिंगातून टोक न्याहाळतात आणि बारीक घासकागदावर क्षणभर फिरवून पुन्हा लिहावयास देतात.

या ठिकाणी मराठी माणसाने एक गोष्ट जरूर करावी. पेन हाती आले की आपण सवयीने इंग्रजी सही करून पाहतो. तसे न करता देवनागरीत दोन-चार ओळी लिहाव्यात. रोमन लिपीसाठी रुंद टोकाची लेखणी ज्या दिशेने तिरकी कापतात, त्याच्या उलट कल देवनागरीच्या जाड-बारीक रेषांचा असतो. बोरू कापणाऱ्या पंतोजींना हे ठाऊक होते. ‘मला मराठी लिहावयाचे आहे’ असे सांगून ‘ळ’, ‘क्ष’, ‘झ’ ही अक्षरे काढून दाखविली, तर कारागीर त्याप्रमाणे टोकाला आकार देऊ शकतो. न सांगता तो देणार कसा?

बॉलपेनवर माझा राग नाही. हंगेरीचे लास्लो बिरो यांनी १९३८ साली ज्याचे पेटंट घेतले त्या साधनाने गरिबाच्या मुलाच्या हाती स्वस्त लेखणी दिली. ती गळत नाही, परीक्षेत दगा देत नाही. परंतु त्यातील शाई दाट असल्यामुळे गोळी फिरण्यासाठी कागदावर भार द्यावा लागतो. वर्गात वह्या तपासताना पानाच्या मागच्या बाजूला उमटलेले वळ बोटांना लागतात, आणि तीन तासांच्या पेपरानंतर मुले बोटे झाडताना दिसतात. फाउंटन पेनाला भार लागत नाही. त्याच्या स्वतःच्या वजनाने ते लिहिते. पेनाने अक्षर आपोआप सुधारते असे मी म्हणणार नाही, कारण अक्षर सुधारते ते सरावाने. मात्र हात मोकळा राहिला तर सराव सुखाचा होतो, एवढे निश्चित.

प्रदर्शनातील शिष्टाचारही थोडक्यात सांगतो. विचारल्यावाचून पेन उचलू नये. टोपण ओढण्यापूर्वी ते फिरवून उघडते काय हे विचारावे. दुसऱ्याच्या निबावर जोर देऊ नये. विकत घ्यावयाचे असेल तर तीन प्रश्न करावेत: पिशवी किंवा दट्ट्या बदललेला आहे काय, निब मूळचेच आहे काय, आणि अंगावर कोठे बारीक तडा आहे काय. प्रामाणिक विक्रेता तिन्हींची उत्तरे सरळ देतो. जो टाळतो त्याचे टेबल सोडावे. पहिल्या फेरीत पैसे खर्चू नयेत, कारण किमती पाहून डोळे दिपतात आणि विवेक मंदावतो. हजारो रुपयांचे पेन आणि दोनशे रुपयांचे पेन यांच्या आतील तत्त्व एकच असते.

कोणी म्हणेल, हा सारा श्रीमंतांचा छंद. आपला काय संबंध? शंका रास्त आहे. पन्नास पेने कुलपात ठेवून एकानेही न लिहिणारा संग्राहक असतो, आणि त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु अशा प्रदर्शनाने जी वस्तू राखली आहे ती पेनांहून मोलाची आहे. पूर्वी आपल्या गावांच्या बाजारपेठेत, पोस्टाजवळ किंवा शाळेच्या कोपऱ्यावर पेन दुरुस्त करणारा माणूस बसत असे. त्याच्या पेटीत निबे, जिभा, पिशव्या, टोपणे असत. तो माणूस आता बहुतेक ठिकाणी उठून गेला आहे. त्याची विद्या पुस्तकात नव्हती. ती बोटांत होती. जोड किती उबेवर सुटतो, निब किती वाकविले म्हणजे शाई उतरते, हे सांगून कळत नाही, हाताखाली बसून कळते. प्रदर्शनात वृद्ध कारागिरांच्या शेजारी विशी-पंचविशीची मुले-मुली भिंग घेऊन बसलेली दिसतात, तेव्हा ती विद्या एका हातातून दुसऱ्या हाती जात असते. हे जाणे थांबले तर पेने शिल्लक राहतील, परंतु ती लिहिणार नाहीत. म्हणून टेबलावर काही विकत न घेणाऱ्यानेही दुरुस्तीचे काम द्यावे, आणि मजुरीत घासाघीस करू नये.

शेवटी, घरातील त्या पेनासंबंधी. प्रदर्शन जवळपास नसेल तर त्यावर स्वतः प्रयोग करण्याआधी थोडा संयम पाळावा. अडकलेली तरफ जोराने उचलू नये, ती मोडते. गरम पाण्यात पेन बुडवू नये. एबोनाइटचा रंग जातो. स्पिरिट लावू नये. लाख सुटते आणि काही जुन्या पेनांची अंगे विरघळतात. साध्या थंड पाण्यात निबाचा भाग तेवढा रात्रभर भिजत ठेवावा. सकाळी पाण्यात निळी रेघ उतरलेली दिसली तर समजावे की वाट अजून पुरती बुजलेली नाही. मग ते पेन मऊ कापडात गुंडाळून ठेवावे, जाणता कारागीर कोठे आहे याची चौकशी करावी, आणि जमल्यास घरातील एखाद्या मुलाला बरोबर घेऊन त्याच्याकडे जावे. पेन उघडताना ते मुलाने पाहिले पाहिजे.